माणशी एक माप

ऑस्कर तुस्कानोच्या कानांवर त्याच्या बायकोचा जेवढा विश्वास होता, तेवढा त्याच्या बाकी कशावरच नव्हता. चौतीस वर्षं त्याने मुंबईभर लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली होती. लिफ्ट कुरकुरली, की स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाशी टेकवायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय की नुसतं वंगण संपलंय, हे तो असा सांगायचा की मालकाला वाटावं, हा पत्रिका बघतोय. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी तो स्क्रूड्रायव्हर घरात फ्रिजवर ठेवलेला असे. मेरी म्हणायची, "मी काय सांगते ते यांना ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावरचा पंखा हलतो, ते मात्र बरोबर ऐकू येतं."

राहायला ही मंडळी वसईजवळच्या उमेळ्यात. घरची वाडी बिल्डरला दिली, तिच्यावर चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली आणि पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट वाट्याला आले. मधली भिंत पाडून एकच ऐसपैस घर केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजून शेजाऱ्यांची केळी दिसायची, संध्याकाळी चर्चची घंटा ऐकू यायची. जानेवारीचा महिना होता. नाताळचा कंदील गॅलरीत तसाच लटकत होता, कारण पुढच्याच शनिवारी घरात लग्न होतं. धाकटी शॅनन पापडी गावच्या प्लासिडला दिली होती. पोरगा शिक्षक, निर्व्यसनी, वर हसतमुख. मेरीला जावयात खोट काढायला जागाच नव्हती आणि त्याचंच तिला थोडं वाईट वाटत होतं.

आनंदात एकच कुसळ होतं. थोरला जेन्सन.

जेन्सन बोटीवर इंजिनरूममध्ये होता. चार-पाच वर्षं पैसे साठवून परत यायचं आणि वाडी करायची, केळी, चाफा, पानवेल, असं त्याच्या डोक्यात होतं. तो तिकडे समुद्रावर असतानाच ऑस्करने इकडे वाडीच्या कागदावर सही केली. विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरगा नाही म्हणाला असता, हे ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही. त्याला चार वर्षं झाली. जेन्सन आईला फोन करायचा, बहिणीला करायचा, बापाचं नाव काढायचा नाही. सुट्ट्या त्याने गोव्यात मित्राकडे काढल्या. लग्नाचं कळवलं तेव्हा म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय मम्मी, कसा येऊ?" ऑस्करला मुलीच्या लग्नात दुसरं काही नको होतं. पोरगा एकदा ताटावर बसावा आणि आपल्याला त्याची माफी मागता यावी, एवढंच त्याचं मागणं होतं. ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, गुरुवारी दुपारी त्याची मोठी बहीण कॅथरिन आगाशीहून दोन बॅगा आणि एक हंडा घेऊन मुक्कामाला आली. त्याच संध्याकाळी पावणेसहाला पहिल्यांदा आवाज झाला.

खर्र… खण्.

थोडं थांबून पुन्हा. खर्र… खण्. असं चार वेळा, आणि मग काही नाही.

"नळात हवा अडकलीय," ऑस्कर पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

शुक्रवारी पावणेसहाला पुन्हा चार वेळा. शनिवारी चार वेळा. नळातली हवा घड्याळ बघून येत नाही. ऑस्करने पेपर बाजूला ठेवला, एक जुनी वही काढली आणि तारीख, वेळ, ठोके असे तीन रकाने आखले. लग्नघरात कामांचा ढीग पडला होता. केटररला फोन करायचा होता, कोटाला टाके घालायचे होते. हे सगळं टाकून नवरा भिंतीला कान लावून फिरतोय हे बघून मेरीने कपाळाला हात लावला.

"अहो, पाहुण्यांना सांगू काय? नवरीचा बाप भिंतींशी कुजबुजतोय?"

"दोष शोधल्याशिवाय सोडायचा नसतो मेरी. आज नुसता आवाज आहे, उद्या दोर तुटतो."

"इथे कुठला दोर? स्वयंपाकघर आहे हे!"

रविवारी त्याने आधी मुख्य नळ बंद करून पाहिला. चार ठोके. सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावर गेला. तिथे अनुज आणि हेमाली हे तरुण जोडपं राहायचं, विरारच्या चंदनसारहून दोन वर्षांपूर्वी आलेलं. अनुज घरूनच काम करायचा आणि मधूनमधून डंबेल्स मारायचा. ऑस्करचा पहिला संशय त्या डंबेल्सवर होता.

"अंकल, कसम से, संध्याकाळी मी मीटिंगमध्ये असतो," अनुज म्हणाला. "पण आवाज आम्हाला पण येतो. खालून. आम्हाला वाटलं, लग्नाचं काहीतरी कुटताय तुम्ही."

"मी तर हेमालीला म्हणालो… म्हणजे हिने मला विचारलं, आंटी मसाला कुटतायत का, आपण मदतीला जाऊ या का," असं काहीतरी त्याने पुढे जोडलं. हेमाली आतून हसली. "मी नाही, हाच म्हणाला. ह्याला कुटायला नव्हतं जायचं, खायला जायचं होतं."

त्या संध्याकाळी मीटिंगला दांडी मारून अनुज खाली आला, तो कायमचाच घरचा झाला. ऑस्करने मोहिमेचा आराखडा सांगितला. स्वयंपाकघराच्या तीन कोपऱ्यांत तिघांनी उभं राहायचं, एकात तो, एकात मेरी, एकात अनुज. डोळे मिटायचे. आवाज आला की जिकडून आला तिकडे बोट करायचं आणि बोट तसंच धरून ठेवायचं. कॅथरिन दारात खुर्ची टाकून पंच म्हणून बसली. ती चाळीस वर्षं शाळेत शिक्षिका होती, तिला कुणी लबाडी केलेली चालत नसे.

"ऑस्कर, तू डोळे किलकिले केलेस. मी बघितलं."

"ताई, लहानपणी चर्चमध्येही असंच पकडायचीस मला."

"हे चर्च नाही. मीट डोळे."

पावणेसहा झाले. खर्र… खण्.

तीन बोटं उठली. ऑस्करने डोळे उघडले. त्याला वाटलं होतं, बोटं भिंतीकडे जातील, ओट्याखालच्या पाइपाकडे जातील, निदान छताकडे तरी. तिन्ही बोटं एकाच जागी जात होती. फ्रिज आणि ओटा यांच्या मधली, हातभर रुंद मोकळी जागा. तिथे काहीच नव्हतं. आणि बोटं खाली झुकलेली होती. आवाज जमिनीपासून गुडघाभर उंचीवर होत होता, माणूस उकिडवा बसला की त्याचे हात जिथे येतात तिथे.

ऑस्कर चार पावलं पुढे गेला, वाकला आणि त्या मोकळ्या हवेत त्याने पंजा धरला. चौथा ठोका झाला होता. पाचवा होईना.

सगळे थांबले. फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. ऑस्करच्या तळहाताला काही लागत नव्हतं, गार नाही, गरम नाही. पण त्याला स्पष्ट वाटलं की कुणीतरी थांबलंय. आपण मधे हात घातला म्हणून, तो काढायची वाट बघत, जरा कंटाळून. त्याने हात मागे घेतला.

खर्र… खण्. खर्र… खण्. खर्र… खण्.

"सात," अनुज हळूच म्हणाला. "आज सात का?"

ऑस्करने वहीत सात लिहिलं आणि अनुज वर आपल्या घरी गेला. सात वाजून गेल्यावर बेल वाजली. दारात मेरीचा भाऊ आल्बर्ट, त्याची बायको ॲनी आणि मुलगी मर्लिन, तिघं निर्मळहून न सांगता हजर. "लग्नघरात येताना का फोन करायचा असतो?" आल्बर्ट म्हणाला आणि सरळ जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसला. मेरीने भात चौघांपुरता लावला होता. तो दोन वाढण्यांत संपला. ॲनीसमोर पातेलं खरवडायची वेळ आली, तशी मेरी शरमेने लाल झाली आणि शॅननला कोपऱ्यावर पाव आणायला पिटाळलं.

पाहुणे गेल्यावर ती ओट्याशी रिकामं पातेलं घासायला लागली. मग एकदम म्हणाली, "माणसं सात होती."

"बरं मग?" ऑस्कर म्हणाला.

"आणि गेले चार दिवस आपण चौघं होतो."

कॅथरिन खुर्चीतून उठून आली. तिच्या तोंडावर वर्गात एखाद्या पोराने अवघड उत्तर बरोबर दिल्यावर यावा तसा भाव होता. "मेरी, अगो, मी चार दिवस आठवतेय की हा आवाज कसला! पत्र्याच्या डब्यात पितळी माप घालायचं, तांदूळ भरून घ्यायचा आणि माप डब्याच्या काठावर आपटायचं, वरचा ढीग पडावा म्हणून. पूर्वी सगळ्या घरांत तसंच होतं. माणशी एक माप."

"पण माझं माप प्लास्टिकचं आहे," मेरी म्हणाली. ते तांदळाच्या कुकरबरोबर आलेलं होतं, आणि तांदळाचा ड्रम होता गॅलरीत. ते प्लास्टिकचं माप डब्यावर आपटलं तर 'टप' सुद्धा झालं नसतं.

ऑस्करने वहीत चौथा रकाना आखला. माणसं.

मंगळवारी घरात चारच जणं होती आणि कुणी येणार नव्हतं. पावणेसहाला नऊ ठोके पडले. मेरीने पदर खोचला आणि नऊ मापं तांदूळ धुतला. "उरला तर उद्या फोडणीचा भात," ती म्हणाली. ऑस्करने भरपूर थट्टा केली. साडेसातला प्लासिड आला, मागून त्याचे आईवडील, मागून दोन काकवा, शॅननच्या साडीचा रंग बघायला. पाच जण. शॅनन सासूच्या पाया पडायचं सोडून तोंडावर ओढणी दाबून हसत सुटली. मेरी भात वाढत होती आणि दर वाढणीला नवऱ्याकडे बघत होती. कॅथरिनने सगळ्यांची जेवणं झाल्यावर रिकामं पातेलं उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. शीत उरलं नव्हतं.

बुधवारी तीनच ठोके वाजले. "चुकलं!" ऑस्कर टाळी वाजवून म्हणाला. "आपण चार आहोत." सव्वासहाला शॅननचा फोन आला, मैत्रिणी सोडत नाहीत, ती बाहेरच जेवणार.

आता खरं म्हणजे घाबरायला हवं होतं. पण लग्नघराला घाबरायला सवड नसते, आणि बाईमाणसाला आज किती जेवायला हे भात लावायच्या आधीच कळलं, तर तिला दुसरं काय हवं? मेरीने त्या मोकळ्या जागेवरून रोज ओला पोछा फिरवायला सुरुवात केली. हेमाली वरून ओरडून विचारायची, "आंटी, आज किती?" कॅथरिनने तर जाहीर केलं, की आपल्या आईला असं कळतं तर तिचा अर्धा जन्म वाचला असता. सगळ्यांत एकटा हसत नव्हता तो ऑस्कर. त्याला यंत्र कळायचं. यंत्र चुकतं, झिजतं, कधीतरी पुढेमागे होतं. हे चुकत नव्हतं, आणि न चुकणाऱ्या गोष्टीचा त्याला मनापासून धसका बसला होता.

बुधवारी रात्री अंथरुणावर मेरी म्हणाली, "उद्या जेवायला किती जणं, माहीत आहे?"

"तेरा. आल्बर्टकडचे तिघं, तुझ्या बहिणीकडचे चार, अनुज-हेमाली, आणि आपण चार."

"उद्या चौदा वाजतील," ती म्हणाली. "बघा तुम्ही. माझा जेन्सन येणार."

ऑस्करने दिवा मालवला. त्यालाही तेच वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आवाज खरा असावा, दोष सापडूच नये.

गुरुवारी पाचपासूनच मेरी स्वयंपाकघरात तयार होती. सकाळी पापडीच्या बाजारातून तिने कोळंबी आणली होती आणि कच्ची केळी घालून कालवण केलं होतं. ते जेन्सनचं आवडतं. पावणेसहाला ठोके सुरू झाले. ऑस्कर बोटांवर मोजत होता, मेरी ओठांत. दहा. अकरा. बारा. तेरा.

मेरीच्या ओठांवर 'चौदा' तयार होतं.

पुढे काही वाजलं नाही.

ती आणखी पाच मिनिटं तशीच उभी राहिली. मग तिने तेरा मापं तांदूळ घेतला आणि नळ मोठा सोडून धुवायला लागली. नळ एवढा मोठा कशाला सोडलाय, हे ऑस्करला कळलं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दोघांपैकी कुणीही डोळे पुसले नाहीत. पाहुणे यायची वेळ झाली होती.

साडेआठला ताटं वाढायला घेतली, आणि बेल वाजली. दार मर्लिनने उघडलं आणि ती किंचाळली.

दारात जेन्सन उभा होता. खांद्याला बॅग, दाढी वाढलेली, उन्हाने रापलेला, आणि तेच वाकडं हसू. "जय येसू!" तो म्हणाला. "नवरी कुठाय? पळाली तर नाही ना?"

मग जो गलका झाला, तो चौथ्या मजल्यापर्यंत गेला असणार. शॅनन त्याच्या गळ्यात पडली ती सोडेना. आल्बर्टने त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला. कॅथरिनने त्याचा कान पकडला. कसा आलास, कधी उतरलास, कॉन्ट्रॅक्टचं काय झालं, असे दहा जणांनी वीस प्रश्न विचारले. "आलो ना? मग झालं!" तो हसत म्हणाला. मेरी मात्र ओरडली नाही. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खूप वेळ पाहिलं, गालांवरून अंगठे फिरवले आणि म्हणाली, "ये. बस. भूक लागली असेल."

ऑस्कर स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभा होता. चार वर्षं पाठ केलेलं सगळं तो विसरला. जेन्सनच त्याच्याकडे आला.

"वाडी मी तुला न विचारता दिली," ऑस्कर म्हणाला. "माझं चुकलं रे. फार चुकलं."

"सोडा पप्पा," जेन्सन म्हणाला. "मला आता काही वाटत नाही."

आणि त्याने बापाला मिठी मारली. ऑस्कर सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला. त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही. छातीवर चार वर्षं ठेवलेला दगड कुणीतरी उचलून खिडकीबाहेर टाकला होता.

चौदा जणं दाटीवाटीने जेवायला बसली. कोळंबीचं कालवण जेन्सनने तीनदा मागून घेतलं, भातही दोनदा घेतला. भात तेरा जणांचा होता, म्हणून ऑस्करने गुपचूप दोन पाव स्वतःच्या ताटात काढून ठेवले होते. पण पावांना हात लावावा लागला नाही. भात पुरला.

"येशूने पाच भाकरींत पाच हजार जेवू घातले," कॅथरिन बोटं चाटत म्हणाली, "आमच्या मेरीने तेरा मापांत चौदा घातले, तर त्यात काय मोठंसं!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने ऑस्कर हसला. झोपायच्या आधी त्याने वही उघडून लिहिलं: ठोके तेरा, माणसं चौदा. आणि खाली दोनदा रेघ मारली. चुकलं होतं. चुकतं म्हणजे यंत्रच आहे. कुठेतरी पाइप असेल, कुठेतरी पत्रा असेल, लग्नानंतर सावकाश शोधू. त्या रात्री तो गाढ झोपला.

शुक्रवारी मांडव. दारात बँड आला, बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला गेल्या आणि बँडच्या पुढे जेन्सन नाचत होता. अनुजने त्याच्याकडून दोन पावलं शिकून घेतली आणि विहिरीपर्यंत तीच दोन नाचला. जेवण केटररचं होतं, दीडशे माणसांचं. पावणेसहाला स्वयंपाकघरात आवाज झाला असेल तर तो ढोलाखाली कुणाला ऐकू आला नाही. शनिवारी चर्चमध्ये शॅननचा हात प्लासिडच्या हातात देताना ऑस्करने पहिल्या बाकाकडे बघितलं. मेरीच्या शेजारी जेन्सन बसला होता आणि मेरीने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. संपूर्ण मिस्साभर तिने तो सोडला नाही. आपल्यासारखा सुखी माणूस वसईत आज दुसरा नाही, असं ऑस्करला वाटलं, आणि ते खरंच होतं.

रविवारी घर रिकामं झालं. शॅनन पापडीला, सासरी. कॅथरिन बॅगा आणि हंडा घेऊन आगाशीला. गॅलरीत उन्हं उतरली होती. जेन्सन हॉलमध्ये सोफ्यावर पाय पसरून टीव्हीवर मॅच बघत होता. ऑस्कर ओट्याशी बसून कोथिंबीर निवडत होता, मेरीने तांदळाचा ड्रम आत आणून ठेवला होता. हा आता रोजचाच रिवाज झाला होता. पावणेसहा व्हायची वाट बघायची.

खर्र… खण्.

खर्र… खण्.

ऑस्करने कोथिंबिरीची काडी हातात धरून ठेवली. तिसरा यायला हवा होता.

फ्रिज घरघरत राहिला. हॉलमधून जेन्सन ओरडला, "आउट! पप्पा, आउट झाला तो!"

तिसरा आला नाही.

मेरीने ड्रमचं झाकण काढलं. प्लास्टिकचं माप घातलं, भरून घेतलं, तळहाताने वरचा ढीग सारला, पातेल्यात ओतलं. दुसरं घेतलं. आणि झाकण लावलं.

"दोनच?" ऑस्कर म्हणाला.

"दोनच वाजले ना."

"आणि जेन्सन?"

ती वळली. चेहरा शांत होता, गेल्या चार वर्षांत नव्हता इतका शांत. ओठांवर हसूही होतं.

"गुरुवारी पुरला ना भात?" तिने विचारलं.

"पुरला."

"मग आजही पुरेल."

एवढं बोलून ती तांदूळ धुवायला लागली. नळ बारीक सोडला होता. ऑस्करला आता कळलं, की गुरुवारी दारात तिने पोराचा चेहरा हातांत धरून इतका वेळ काय बघितलं. तिने ठोके मोजले होते. तिने ते कधीच चुकीचे मानले नव्हते.

त्याने खिशातून फोन काढला. जेन्सनला बोटीवर पाठवणाऱ्या एजंटचा नंबर त्यात होता. आज रविवार, तरी कुणीतरी उचललं असतं. एकच प्रश्न विचारायचा होता: जेन्सन बोटीवरून उतरला होता का? चौतीस वर्षांत त्याने एकही आवाज अर्धवट सोडला नव्हता. त्याचा अंगठा नंबरावर गेला.

"कोणाला लावताय पप्पा?"

जेन्सन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. खांदा चौकटीला टेकलेला. तेच वाकडं हसू. रागावलेला नव्हता. नुसता थांबला होता.

ऑस्करने त्याच्याकडे पाहिलं. मेरीचा पाण्यातला हात थांबला होता.

"कुणाला नाही," तो म्हणाला, आणि फोन बंद करून फ्रिजवर ठेवला. "ये. ताटं घे. तीन."

जेन्सनने ताटं मांडली. मेरीने सुक्या बोंबलांची चटणी केली होती, वरण होतं. लग्नात कोण कसं नाचलं, आल्बर्टची कंबर कशी धरली, प्लासिडने शपथ घेताना नाव कसं चुकवलं, यावर तिघं पोट धरधरून हसली. जेन्सनने दोनदा भात घेतला. दुसऱ्यांदा मेरीने पातेलं तिरकं करून त्याला भरभरून वाढला आणि मग उरलेला स्वतःला नि नवऱ्याला घेतला.

भात बरोबर पुरला.